करवंटीपासून सुपरकपॅसिटर: कॉलेजच्या प्रयोगशाळेत नॅनोछिद्रांचा कार्बन कसा बनवावा आणि खरा कसा मोजावा

मुंबईत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सीला असलेल्या बऱ्याच मुलामुलींना नॅनोमटेरियल आणि ऊर्जा या विषयात प्रोजेक्ट करायचा असतो. ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब अशी नावं वाचून ते हौसेने सुरुवात करतात आणि रसायनांचे भाव बघून थांबतात. त्यांच्यासाठी मी नेहमी एकच काम सुचवतो. नारळाच्या करवंटीपासून नॅनोमीटर आकाराच्या छिद्रांचा कार्बन बनवायचा, त्याचे इलेक्ट्रोड करायचे आणि सुपरकपॅसिटर जोडून तपासायचा. कच्चा माल फुकट मिळतो, विज्ञान अस्सल आहे आणि लागणारी बहुतेक उपकरणं बऱ्या कॉलेजात असतात. कार्बन बनवणं त्यातल्या त्यात सोपं आहे. धुणं, वाळवणं आणि वजन करणं या तीन कंटाळवाण्या कामांवर तुमचा आकडा खरा ठरतो की खोटा, हे अवलंबून असतं. म्हणून या लेखात त्यांना जास्त जागा दिली आहे.

आधी हिशोब समजून घ्या

बॅटरीत चार्ज साठवताना पदार्थाच्या आत रासायनिक बदल होतात. सुपरकपॅसिटरमध्ये द्रावणातले आयन कार्बनच्या पृष्ठभागाला नुसते चिकटून बसतात आणि वीज घेताना सुटतात. म्हणून तो सेकंदांत भरतो, सेकंदांत रिकामा होतो आणि लाखो वेळा हे करूनही फारसा थकत नाही. ब्रेक मारताना निर्माण होणारी वीज झटक्यात पकडायची असेल तिथे तो कामाचा. साठा मात्र कमी असतो. बाजारातला सुपरकपॅसिटर किलोमागे साधारण 5 ते 8 वॉट-तास धरतो, तर लिथियम-आयन सेल 150 ते 250. तेव्हा ‘बॅटरीला पर्याय’ हे वाक्य प्रोजेक्टच्या पहिल्या पानावरून आजच काढून टाका.

चार्ज पृष्ठभागावर बसतो, म्हणजे पृष्ठभाग हवा भरपूर. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅममध्ये 2000 चौरस मीटर, म्हणजे जवळपास वीस गुंठे पृष्ठभाग असतो, आणि तो बहुतेक सगळा 2 नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांच्या भिंतींवर. अशा पृष्ठभागाची धारकता, म्हणजे व्होल्टमागे चार्ज साठवण्याची क्षमता, चौरस सेंटिमीटरला 10 मायक्रोफॅरड धरली, तर ग्रॅममागे 200 फॅरड येतात. ही आकडेमोड वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे तुमच्या साध्या कार्बनने 700 फॅरड दाखवले, तर आनंद मानण्याआधी चूक शोधायची, हे ती आठवण करून देईल.

छिद्र फार अरुंद झालं तर आयन आत शिरणार नाहीत, असं पूर्वी मानलं जायचं. 2006 मध्ये गोगोत्सी, सिमॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की छिद्रं 1 नॅनोमीटरपेक्षा लहान झाल्यावर धारकता उलट वाढते. आयन आपल्याभोवतीचे द्रावकाचे रेणू काही अंशी टाकून आत जातात, असा त्याचा अर्थ लावला गेला. करवंटीचा कार्बन मुळातच अशा बारीक छिद्रांचा असतो, म्हणून या कामाला तो चपखल बसतो.

करवंटी निवडणं

पिकलेल्या नारळाचीच करवंटी घ्या. शहाळ्यांचा ढीग दर नाक्यावर दिसतो, पण शहाळ्याची करवंटी कोवळी आणि मऊ असते, शिवाय त्या ढिगात बहुतेक सोडणच असतं. त्याचाही कार्बन होतो, पण तो वेगळा पदार्थ समजावा. पिकलेली करवंटी घट्ट असते, तिच्यात लिग्निन भरपूर आणि राख अगदी कमी. उडुपी हॉटेलांत चटणीसाठी आणि मालवणी खानावळींत वाटपासाठी रोज नारळ खवले जातात. सकाळी जाऊन विचारलंत तर पिशवीभर करवंट्या आनंदाने देतात. देवळातल्या नारळांच्या करवंट्यांवर तेल, कुंकू, कापूर असतो, त्यामुळे त्या टाळा. कुंकवातले क्षार नंतर क्ष-किरण तपासणीत डोकं वर काढतात.

करवंटीवरची किशी सुरीने खरवडून काढा, आत चिकटलेलं खोबरं काढा. खोबऱ्याचं तेल भट्टीत जळून धूर आणि डांबर वाढवतं. पाण्याने धुऊन 110 अंशांवर रात्रभर वाळवा. हातोडीने फोडून 2 ते 5 मिलिमीटरचे तुकडे चाळून घ्या.

पहिली भाजणी: कोळसा

तुकडे झाकणाच्या क्रुसिबलमध्ये भरा, नायट्रोजनच्या प्रवाहात मिनिटाला 5 अंश या वेगाने 500 अंशांपर्यंत तापवा आणि तासभर तिथेच ठेवा. या टप्प्यावर धूर आणि डांबर सर्वांत जास्त निघतं, म्हणून भट्टीचा धूर एक्झॉस्टमध्ये गेलाच पाहिजे. 100 ग्रॅम करवंटीतून 25 ते 30 ग्रॅम कोळसा मिळतो. त्याहून खूप कमी आला तर हवा आत गेली आणि कोळसा जळला असं समजा. खलबत्त्यात कुटून 150 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा.

दुसरी भाजणी: छिद्रं उघडणं

कोळशातली छिद्रं अजून बुजलेली असतात. ती उघडायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. 400 अंशांच्या पुढे ते कार्बनशी अभिक्रिया करून पोटॅशियम कार्बोनेट, हायड्रोजन आणि धातुरूप पोटॅशियम बनवतं. कार्बन आतून कोरला जातो, आणि 700 अंशांच्या वर पोटॅशियमची वाफ कार्बनच्या थरांमध्ये घुसून ते फाकवते. हे काम मार्गदर्शकांच्या देखरेखीखालीच करा. एकट्याने, रात्री, प्रयोगशाळेत कोणी नसताना करू नका.

एका भाग कोळशाला दोन भाग हायड्रॉक्साइड घ्या. बाटलीवर साधारणपणे 85 टक्के शुद्धता लिहिलेली असते. उरलेलं बहुतांशी पाणी असतं आणि जुलैमध्ये उघड्या बाटलीत ते झपाट्याने वाढतं. म्हणून गोळ्या पटकन तोला आणि झाकण लगेच लावा. थोड्या पाण्यात विरघळवून कोळशात मिसळा, 110 अंशांवर रात्रभर सुकवा.

भांडं निकेलचं असू द्या. वितळलेलं हायड्रॉक्साइड काच, क्वार्ट्‌झ आणि ॲल्युमिना या सगळ्यांना खातं. कॉलेजच्या ट्यूब फर्नेसची क्वार्ट्‌झची नळी महाग असते, तिच्या आत वाया गेली तरी चालेल अशी ॲल्युमिनाची नळी सरकवा. मिश्रण तापताना फुगून उतू जातं, म्हणून निकेलची होडी एक-तृतीयांशच भरा. आधी 400 अंशांवर अर्धा तास थांबा म्हणजे पाणी निघून जाईल, मग 700 अंशांवर एक तास. नायट्रोजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू हवा. बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजन असतो, तो पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत फ्यूम हूडमध्येच सोडायचा, आणि जवळ ज्योत नको.

आता सर्वांत धोक्याचा क्षण. भट्टी बंद केल्यावर नमुना नायट्रोजनमध्येच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आत थोडा धातुरूप पोटॅशियम उरलेला असू शकतो, तो हवेत किंवा पाण्यात पेट घेतो. होडी फ्यूम हूडमध्ये न्या, गॉगल आणि हातमोजे घाला, आधी इथेनॉलचे थोडे थेंब सोडा. फसफस थांबली की मगच पाणी, तेही थेंबाथेंबाने.

धुणं: इथे घाई केली की पुढचं सगळं वाया

काळी पूड 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर ढवळा म्हणजे कार्बोनेट आणि राखेतले क्षार विरघळतील. मग बुकनर फनेलवर गाळून गरम डिस्टिल्ड पाण्याने धुवा. बहुतेक जण पीएच पेपर 7 दाखवायला लागला की थांबतात. तेवढं पुरत नाही. बारीक छिद्रांत अडकलेलं क्लोराइड हळूहळू बाहेर येत राहतं आणि पीएच पेपरला ते कळत नाही. खालचं गाळलेलं पाणी परीक्षानळीत घ्या आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधासारखी गढुळी आली की अजून धुवायचं आहे. पूड गरम पाण्यात अर्धा तास ढवळून पुन्हा गाळा आणि पुन्हा तपासा. पाणी निवळ राहीपर्यंत हे चालू ठेवा.

यावर मी इतका जोर देतो कारण उरलेलं क्लोराइड सेलमध्ये स्टीलचा भाग असेल तर तो गंजवतं, आणि त्या गंजाच्या अभिक्रियेतून येणारा करंट आलेखावर कार्बनची धारकता म्हणून मिरवतो. आलेखावर सुंदर उंचवटे येतात, मुलं त्यांना नॅनोरचनेचा परिणाम म्हणतात, आणि हजार वेळा भरून रिकामा केल्यावर सेल मेलेला असतो.

आम्ल आणि अल्कली मिसळलेलं पाणी उदासीन करूनच टाका. किती लिटर पाणी लागलं ते वहीत नोंदवा, शेवटी त्याचं काम आहे.

काय तपासायचं आणि कुठे

आधी कॉलेजमध्येच आयोडीन अंक काढा. ठरावीक कार्बन आयोडीनच्या द्रावणात हलवून गाळायचा आणि उरलेलं आयोडीन थायोसल्फेटने टायट्रेट करायचं. ग्रॅममागे शोषलेलं आयोडीन मिलिग्रॅममध्ये जेवढं येतं, साधारण तेवढ्याच चौरस मीटरांचा अंदाज पृष्ठभागाबद्दल बांधता येतो. अंदाज ढोबळ आहे, पण चार नमुन्यांतला कोणता पुढे पाठवायचा हे ठरवायला पुरतो.

मग त्या एका-दोन नमुन्यांची बीईटी तपासणी करून घ्या. तीत कार्बनवर नायट्रोजन वायू किती बसतो यावरून पृष्ठभाग मोजतात. पवईच्या आयआयटीतलं सैफ हे उपकरण केंद्र बाहेरच्या संस्थांचे नमुने घेतं. आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर इतर संस्थांची उपकरणंही शोधता येतात. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातलं नॅनोविज्ञान केंद्र आणि माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी इथेही चौकशी करा. विभागप्रमुखांचं पत्र आधीच तयार ठेवा आणि रांग लांब असते हे गृहीत धरा. नमुन्यासोबत दिलेल्या फॉर्मवर निर्वात तापवण्याचं तापमान विचारतात, तिथे रकाना मोकळा सोडू नका. 250 अंश, रात्रभर, असं लिहा. छिद्रांत पाणी राहिलं तर पृष्ठभाग कमी दिसतो आणि पैसे खर्चून चुकीचा आकडा पदरात पडतो.

क्ष-किरण तपासणीत 24 आणि 43 अंशांजवळ दोन बसके उंचवटे दिसले की झालं, टोकदार शिखरं म्हणजे राहिलेले क्षार. रामन वर्णपट (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून रचना ओळखणारी तपासणी) जमला तर करा. टीईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं देखणी असतात, पण या प्रोजेक्टमधल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ती देत नाहीत, त्यामुळे तो खर्च मी टाळेन.

इलेक्ट्रोड

बहुतेक पेपरांत पीव्हीडीएफ हा चिकट पदार्थ एनएमपी या द्रावकात विरघळवून लेप देतात. एनएमपी प्रजननसंस्थेला घातक आहे, शिवाय मुंबईच्या हवेतलं पाणी ओढून घेऊन लेपाच्या गुठळ्या करतं. पहिल्यांदा करणाऱ्याने पीटीएफई (टेफ्लॉन) या चिकट पदार्थाचं पाण्यातलं मिश्रण वापरावं. 85 भाग कार्बन, 10 भाग कार्बन ब्लॅक (वीज वाहून नेणारी काजळी), 5 भाग पीटीएफई. इथेनॉल घालून उखळीत घोटत राहा. इथेनॉल उडत गेलं की लगदा एकसंध होतो, पीटीएफईचे तंतू ओढले जातात आणि हाताला रबरासारखा ताण जाणवतो. मग काचेच्या पाटीवर काचेच्या नळीने साधारण 200 मायक्रॉन जाड लाटा. पंचाने एक चौरस सेंटिमीटरच्या चकत्या कापा आणि 110 अंशांवर निर्वात ओव्हनमध्ये रात्रभर वाळवा.

अशी चकती साधारण 10 मिलिग्रॅम भरते. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. कॉलेजच्या चार दशांशांच्या काट्यावर 0.1 मिलिग्रॅमपर्यंतच भरवसा असतो. इलेक्ट्रोडवर 1 मिलिग्रॅम कार्बन असेल तर वजनातच दहा टक्क्यांची चूक होऊ शकते, 10 मिलिग्रॅम असेल तर एक टक्क्याची. पातळ लेपाचे आकडे भव्य येण्याचं दुसरं कारणही आहे. आयनांना फार आत जावंच लागत नाही. प्रत्यक्ष विकल्या जाणाऱ्या सुपरकपॅसिटरचे इलेक्ट्रोड याच जाडीच्या आसपास असतात, त्यामुळे तुमचा आकडा कमी आला तरी तो उपयोगाचा असतो.

वजन करताना चकती ओव्हनमधून डेसिकेटरमध्ये आणि तिथून थेट काट्यावर न्या. पावसाळ्यात काट्याकडे बघत उभे राहिलात तर शेवटचे आकडे वर चढताना दिसतील. कार्बनची छिद्रं हवेतली वाफ पितायत. दमट हवेत पूर्ण मुरलेल्या कार्बनच्या वजनात पाचवा हिस्सा पाणी असणं काही नवलाचं नाही. पहिल्या पंधरा सेकंदांतला आकडा घ्या, चकती पुन्हा वाळवा, पुन्हा तोला, दोन्ही जुळले तरच पुढे जा. जमलं तर वर्षाचं नियोजनच असं करा की भाजणी आणि धुणं पावसाळ्यात उरकेल आणि वजनाची कामं दिवाळीनंतर कोरड्या हवेत होतील.

सेल जोडणं

दोन सारख्या वजनाच्या चकत्या, मध्ये काचतंतूंचा फिल्टर पेपर, बाहेरून दोन्हीकडे लवचिक ग्रॅफाइटचा पत्रा आणि दोन ॲक्रिलिकच्या पट्ट्यांत स्क्रूने आवळलेलं सगळं. द्रावण 1 मोलर सोडियम सल्फेट. ते उदासीन आहे, हाताळायला सोपं आहे. निकेल फोम स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. आम्लात तो विरघळतो आणि अल्कलीत त्याचं स्वतःचं ऑक्साइड चार्ज साठवतं, जे तुमच्या कार्बनच्या खात्यावर जमा होतं. चकत्या द्रावणात बुडवून निर्वात पात्रात अर्धा तास ठेवा, छिद्रांतली हवा बुडबुड्यांनी निघून जाते.

तीन इलेक्ट्रोडची मांडणी, जिच्यात एकाच इलेक्ट्रोडचं व्होल्टेज वेगळ्या संदर्भ इलेक्ट्रोडशी तुलना करून मोजतात, पदार्थ समजून घ्यायला चांगली, पण उपकरण म्हणून दावा करायचा असेल तर दोन इलेक्ट्रोडचाच सेल मोजा.

मोजणं

पोटेन्शियोस्टॅट (व्होल्टेज किंवा करंट ठरवून देऊन दुसरं मोजणारं उपकरण) असेल तर आधी सेकंदाला 5 ते 100 मिलिव्होल्टच्या वेगांनी चक्रीय व्होल्टॅमोग्राम, म्हणजे व्होल्टेज वर-खाली नेत काढलेला करंटचा आलेख, घ्या. आलेख आयताकृती हवा. पानासारखा तिरका झाला तर रोध जास्त आहे, स्क्रू आवळा. मग स्थिर करंटने चार्ज-डिस्चार्ज.

समजा 10 मिलिग्रॅमच्या दोन चकत्या आहेत, करंट 10 मिलिॲम्पिअर. सेल 1 व्होल्टपर्यंत भरला. डिस्चार्ज सुरू होताच व्होल्टेज एकदम 0.95 वर घसरलं आणि तिथून शून्यावर यायला 57 सेकंद लागले. ती घसरण धारकतेच्या हिशोबात धरायची नाही. 0.01 गुणिले 57 भागिले 0.95, म्हणजे 0.6 फॅरड. दोन्ही चकत्यांचं वजन 20 मिलिग्रॅम, म्हणजे सेलची धारकता ग्रॅममागे 30 फॅरड. एका इलेक्ट्रोडची धारकता त्याच्या चौपट, 120. दोन कपॅसिटर एकसरीत असल्यामुळे धारकता निम्मी होते आणि वजन दुप्पट, म्हणून चौपट. ऊर्जा काढताना मात्र 30 च घ्यायचे. अर्धा गुणिले 30 गुणिले 0.95 चा वर्ग, भागिले 3.6, म्हणजे किलोमागे साधारण 3.8 वॉट-तास. इथे 120 घालून ऊर्जा चौपट दाखवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. आणि हे 3.8 सुद्धा फक्त चकत्यांच्या वजनावर आहेत, द्रावण, पत्रा, आवरण धरलं की ते आणखी बरेच खाली येतात. घसरणीवरून रोध मिळतो: 0.05 भागिले दुप्पट करंट, 2.5 ओहम.

पोटेन्शियोस्टॅट नसेल तर अडून बसू नका. लॅमिंग्टन रोडवरून 100 ओहमचा रोध, डेटा साठवणारा मल्टिमीटर आणि 1 फॅरडचा तयार सुपरकपॅसिटर आणा. आधी तयार कपॅसिटर 1 व्होल्टला भरून रोधातून रिकामा करा. सुरुवातीच्या घसरणीनंतरचं व्होल्टेज 37 टक्क्यांवर यायला साधारण 100 सेकंद लागायला हवेत. तो आकडा जवळपास जमला की तुमची पद्धत बरोबर आहे, मग स्वतःचा सेल लावा.

व्होल्टेज 1 वरून 0.1 च्या पायऱ्यांनी वाढवत जा. पाणी 1.23 व्होल्टला फुटतं असं पुस्तकात असलं तरी उदासीन द्रावणात कार्बनचे सेल 1.6 व्होल्टपर्यंत चालवता आले आहेत. चार्जिंगची रेषा वरच्या टोकाला आडवी होऊ लागली की थांबा, तिथे वीज साठत नाही, पाणी फुटतंय.

टिकाऊपणासाठी 10,000 चक्रं अपेक्षित असतात. वरच्या करंटने त्याला साडेतेरा दिवस लागतील, म्हणून दहापट करंटने करा, दीड दिवसात होईल. त्याआधी प्रयोगशाळा सहायकांशी बोला आणि मेन स्विचवर चिठ्ठी लावा, कारण बऱ्याच कॉलेजांत संध्याकाळी सगळी वीज बंद करून जातात.

शेवटचा हिशोब: हे खरंच पर्यावरणपूरक आहे का

कचऱ्यापासून बनवलं म्हणजे आपोआप शाश्वत, असं लिहू नका. मोजा. समजा 2 किलोवॉटची भट्टी दोन्ही भाजण्या मिळून आठ तास सरासरी निम्म्या ताकदीने चालली. 8 युनिट वीज गेली आणि हातात आला 5 ग्रॅम कार्बन. 3.8 वॉट-तास प्रति किलो या दराने तो एका वेळी 0.019 वॉट-तास साठवतो. भट्टीने खाल्लेल्या विजेइतकी वीज त्यातून जायला चार लाखांहून जास्त चक्रं लागतील. वाळवण्याचा ओव्हन, हायड्रॉक्साइड, आम्ल आणि धुण्याचं पाणी यात धरलेलंच नाही.

कारखान्यात हे गणित खूप बरं होतं, कारण मोठी भट्टी सतत चालते, करवंटीतून निघणारा वायू जाळून उष्णता मिळते, आणि तिथे बहुधा हायड्रॉक्साइडऐवजी वाफेने छिद्रं उघडतात. तुमच्या प्रोजेक्टलाही इथे खरा संशोधनाचा प्रश्न सापडतो. हायड्रॉक्साइडचं प्रमाण दोनाऐवजी एक केलं तर धारकता किती घटते? पोटॅशियम कार्बोनेट वापरलं तर? 700 अंशांवर एक तासाऐवजी वीस मिनिटं? प्रत्येक नमुन्यासमोर ग्रॅममागे फॅरड लिहा आणि शेजारच्या रकान्यात त्या ग्रॅमसाठी लागलेली वीज, रसायन आणि पाणी. धारकता दहा टक्क्यांनी घटली आणि पाणी निम्म्यावर आलं, तर माझ्या मते तो नमुना जास्त चांगला. मौखिक परीक्षेत मी त्याच रकान्यावर प्रश्न विचारेन.